आर्डिसबाईंच्या मेपलखालचं हरीण

मी हरणाचा एक जुना पुतळा आहे. मित्रांनो, पुतळा म्हटल्यावर लगेच चौक आणि हारतुरे डोळ्यांसमोर आणू नका. मी फोमचा आहे, आणि माझा जन्मच बाण खाण्यासाठी झाला. कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा माझी दोन्ही शिंगं शाबूत होती आणि छातीच्या बाजूला, बरगड्यांवर, हृदयाच्या जागी, एक गोल ठसठशीत कोरलेला होता. आता एक शिंग मोडलं आहे आणि डाव्या कानाचा खारींनी फडशा पाडला आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आर्डिसबाईंच्या अंगणात मी बारा वर्षं राहतो आहे. बाई शाळेची बस चालवतात. शिकारीचा हंगाम उघडण्याआधी त्या दर उन्हाळ्यात माझ्यावर नेमबाजीचा सराव करायच्या आणि बाण गोलात बसला की माझी पाठ थोपटायच्या. ते कौतुक मला फार आवडायचं.

मागच्या वर्षी मात्र घात झाला. रानातल्या मचाणावरून सोडलेला त्यांचा बाण एका हरिणीला भलतीकडेच लागला आणि ती जखमी होऊन पळाली. बाई आणि त्यांचा दीर ऑर्लिन दोन दिवस झुडपं धुंडाळत होते, पण ती सापडली नाही. बाईंनी धनुष्य खुंटीला टांगलं. मी जुन्या टायरांमागे पडलो, आणि वर्षभर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार एकटं वाटलं मला.

या ऑगस्टमध्ये बाईंनी मला बाहेर काढलं, अंगावरची जळमटं झटकली आणि मेपलच्या झाडावर एक मचाण बांधलं. आजवरचा सगळा सराव त्यांनी जमिनीवर उभं राहून केला होता. रानात बाण वरून सोडावा लागतो, आणि तिथेच त्यांचं चुकलं होतं.

"हंगामाआधी लागोपाठ दहा दिवस, रोजचा पहिला बाण गोलात बसला तरच मी रानात जाणार," त्या ऑर्लिनला म्हणाल्या. "नाहीतर हे धनुष्य तू घेऊन जा."

"रोजचा पहिलाच का, वहिनी?"

"रानात दुसरा कोण देतो?"

पण बाण माझ्या पाठीवरून जाऊ लागले. एक तर थेट टोमॅटोच्या वाफ्यात घुसला.

"सॉस करायचा बेत दिसतोय वहिनीचा," ऑर्लिन म्हणाला. "अगं, नुसता हात खाली करून काय होतंय? कमरेतून वाक."

"वाकले तर खाली पडेन."

"पट्टा कुठाय तुझा?"

"तो रानात बांधायचा. घरच्या अंगणात कसला पट्टा?"

ऑर्लिन या वेळी हसला नाही. "अंगणात काय गाद्या अंथरल्यात? पडायची भीती वाटते म्हणून अंग आखडतंय तुझं. जीव मुठीत धरून नेम बसत नाही, वहिनी."

बाई फणकारून घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खांद्या-कमरेचा पट्टा चढवला, त्याचा दोर खोडाला बांधला आणि त्यावर भार टाकून बिनधास्त वाकल्या. बाण गोलात बसला. मग रोज बसत गेला. दहाव्या दिवशी बाई खाली उतरल्या आणि माझ्या गळ्यात हात टाकून रडल्या. मलाही भरून आलं.

हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी त्या रिकाम्या हातांनी परतल्या. ऑर्लिन पायरीवर वाट पाहत बसला होता.

"एकही आलं नाही?"

"आलं की. वीस पावलांवर उभं होतं, पण तोंड माझ्याकडे करून. बरगड्यांवरची गोलाची जागा दिसेना. मग धनुष्य खाली केलं."

"आणि आता हळहळत बसणार?"

"छे. उद्या परत जाईन." वर्षभरात पहिल्यांदा त्या मनापासून हसत होत्या.

मित्रांनो, जिवंत प्राण्याला चुकीचा लागलेला बाण फार दुखतो. म्हणून सरावातही पट्टा बांधा, घाई करू नका, आणि काम झालं की आम्हाला पावसात टाकून देऊ नका. चुका तर तुमच्या हातून होणारच. त्या सगळ्या आधी माझ्यावर करा. मला दुखत नाही.