काळ्या साडीखालचा सूर्य

लग्नाला आठ महिने झालेली सून पहिल्या हळदीकुंकवासाठी सासरी येते, तेव्हा तिच्या पिशवीत साड्या असाव्यात अशी जगाची अपेक्षा असते. चिन्मयीच्या पिशवीत दुर्बीण होती. पुण्याहून बदनापूरला येताना बसमध्ये तिने नवऱ्याची, पार्थची, बॅग बेधडक वर फेकली आणि आपली पिशवी मात्र तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरून ठेवली. दर थांब्यावर चेन उघडून आत डोकावायची. शेवटी पार्थ म्हणाला की आतून कुणी पळून जाणार नाही, जरा डोळे मीट. पण बाईच्या अंगात स्वस्थ बसणं म्हणून नव्हतंच.

दुर्बीण म्हणजे हातभरही नसलेली एक नळी. सोबत घडीचा ट्रायपॉड, सूर्यामागे आपोआप फिरणारी मुठीएवढी मोटार, काडेपेटीएवढा कॅमेरा आणि लॅपटॉप. सुट्टीत कुठंही नेता यावं म्हणून तिने सगळं हलकंफुलकंच निवडलं होतं. या नळीतून चांदण्या दिसत नाहीत. दिसतो तो फक्त सूर्य, तांबडालाल, काठावर ज्वाळा उठलेला, अंगावर डाग असलेला.

आणि त्या डागांपायीच तिची सारी घालमेल चालली होती. बारा दिवसांपूर्वी सूर्याच्या एका काठावरून डागांचा एक मोठा पुंजका आत आला होता. तेव्हापासून ती रोज सकाळी त्याचा फोटो काढत होती, एक दिवस न चुकवता. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसा रविवारी तो पुंजका दुसऱ्या काठाला पोचून पलीकडे जाणार होता. तेवढा एक फोटो मिळाला की काठापासून काठापर्यंतचा सगळा प्रवास हाती लागणार होता. याआधी दोनदा तिने हा घाट घातला होता. पहिल्यांदा ढगांनी घात केला, दुसऱ्यांदा तिचं स्वतःचं लग्न आडवं आलं. हळद लागलेल्या नवरीला कुणी उन्हात गच्चीवर जाऊ दिलं नाही. हा राग तिच्या मनात अजून होता.

नेमकी रविवारीच रथसप्तमी. संक्रांतीला सुनेला रजा मिळाली नाही म्हणून सासूबाईंनी, उषाबाईंनी, हळदीकुंकू त्या दिवसावर ढकललं होतं. हलव्याचे दागिने तयार होते, काळी साडी घडी मोडायची थांबली होती. ते संध्याकाळचं. सकाळी सूर्यासमोर गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवायचं आणि उतू घालायचं. पूर्वी हे अंगणात व्हायचं, पण शेजाऱ्याने तीन मजले चढवल्यापासून अंगणात दुपारपर्यंत ऊन येत नाही, म्हणून उषाबाई गच्चीवर मांडत. दूध उतू जाताना सूर्य समोर पाहिजे, हा त्यांचा नेम. या घरात आल्यापासून एकदाही चुकला नव्हता.

रविवारी उजाडलं ते धुईत. चिन्मयी कितीदा जिना चढली-उतरली याला हिशेब नाही. चहा जिन्यातच निवला. धुई हटली तेव्हा पश्चिमेकडून ढगांची एक जाड फळी वर येताना दिसली. तिने घाईघाईने नळी रोखली, लॅपटॉप उघडला. सूर्य आला, पण मळकट, दुधात पाणी घातल्यासारखा. फोकस मागेपुढे केला, तरी तेच. मग तिने नळीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलेलं होतं.

पलीकडे उषाबाई गोवऱ्या फुंकत होत्या. पहाटे चिन्मयी दुर्बीण मांडून खाली गेली तेव्हा त्यांनीच ते लावलं होतं. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लावायचं, शिलाई मशीन असो की मोटारसायकल. आणि ही तर सूर्यनारायणाकडे बघणारी वस्तू. सुनेचा चेहरा पाहून त्या उठल्या आणि पदराने काच पुसायला पुढे झाल्या. चिन्मयीने त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. माझ्या कशालाही हात लावत जाऊ नका तुम्ही."

उषाबाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या परत गोवऱ्यांच्या चुलीशी जाऊन बसल्या.

चिन्मयीने हवा मारायच्या रबरी ब्लोअरने कोरडे कण उडवले, कापसाच्या बोळ्याने डाग हळूहळू टिपला. काच स्वच्छ निघाली, पण तोवर ऊन स्क्रीनवर आलं आणि त्यात तिला स्वतःच्याच तोंडाखेरीज काही दिसेना. पुण्यात ती डोक्यावरून घ्यायचं काळं कापड वापरायची. ते बाल्कनीच्या दोरीवर राहिलं होतं. बारा दिवस जपलेलं सगळं एका चिंधीपायी जाणार, या विचाराने तिला रडू फुटलं. ढग आता माथ्यावर आले होते.

एवढ्यात तिच्या डोक्यावर अंधार पडला. नव्या कापडाचा वास आला. उषाबाईंनी हळदीकुंकवाची काळी साडी, कोरी करकरीत, घडी मोडून तिच्यावर आणि लॅपटॉपवर टाकली होती आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून त्या दोन्ही हातांनी काठ धरून उभ्या होत्या.

"बघ आता जल्दी. मी धरून राह्यले."

साडीखाली सूर्य लख्ख उमटला. पुंजका काठाला अगदी टेकला होता. चिन्मयी एकामागून एक चित्रण घेत राहिली, श्वाससुद्धा जपून. बऱ्याच वेळाने स्क्रीन काळवंडली. ढग आले होते, पण तिचं काम झालं होतं. तिने आनंदाने साडी बाजूला केली आणि तिला चूल दिसली.

दवाने ओलावलेल्या गोवऱ्या फुंकणारं कुणी नव्हतं, त्या विझल्या होत्या. बोळक्यातल्या दुधावर नुसती साय धरली होती. वर सूर्य नव्हता.

"आई, तुमचं दूध..."

"तुझा फोटो निघाला न्हाई का? मंग झालं," उषाबाई म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या. घडी मात्र त्यांना काही केल्या जमेना. चिन्मयीला स्वतःची विलक्षण लाज वाटली. मघाशी जे मनगट तिने धरून अडवलं होतं, तेच मनगट इतका वेळ तिच्यासाठी उचललेलं होतं.

तिने सासूबाईंना शेजारी बसवलं आणि घेतलेली सगळी चित्रणं एकापुढे एक जोडून भरभर चालवली. तीही पहिल्यांदाच बघत होती, कारण साडीखाली तिची सारी नजर डागांवर होती. डागांच्या मागून, काठावर, एक ज्वाळा फुगत फुगत वर आली, क्षणभर थबकली आणि काठावरून बाहेर सांडली.

उषाबाई पुढे सरकल्या.

"पुन्हा लाव बरं."

चिन्मयीने पुन्हा लावलं. ज्वाळा फुगली, चढली, सांडली.

"उतू गेलं की गं," उषाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं, स्क्रीनकडे नेलं आणि एकदम आठवण होऊन मागे घेतलं. चिन्मयीने ते बोट धरलं आणि जिथून उतू गेलं होतं, बरोबर तिथं टेकवलं.