छत्रीचा साज

फौजेतून सुटून आल्यावर लालासाहेब हवालदार साखर कारखान्याच्या फाटकावर लागले. फौजेत ते पाठीला छत्री बांधून विमानातून उड्या टाकत. कारखान्यात उडी टाकण्यासारखं काही नव्हतं. चेअरमन आप्पासोंची जीप आली की आडवा बांबू वर करायचा, गेली की खाली सोडायचा. गावानं त्यांना 'छत्रीवाले' असं नाव दिलं होतं, आणि पावसाळ्यात काडी मोडलेल्या छत्र्या दुरुस्तीला त्यांच्या घरी येत. त्यांनीही त्या दुरुस्त करायला सुरुवात केली होती.

अठ्ठ्याहत्तर साली आप्पासोंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. गळीत हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी गाळपयंत्राच्या गव्हाणीत टाकण्याचा समारंभ असतो. शेजारच्या कारखान्यानं गेल्या साली ती मोळी हत्तीवरून आणली होती. हत्तीच्या वर काय असतं, याचा आप्पासोंनी वर्षभर विचार केला होता, आणि शेवटी त्यांना आभाळ सापडलं होतं.

"हवालदार, मोळी घेऊन वरनं उतरायचं. जमंल न्हवं?"

लालासाहेबांचे गुडघे थंडीत कुरकुरत. तरी ते "जमंल" म्हणाले, आणि ते आप्पासोंसाठी म्हणाले नव्हते.

आटपाडीचा आकाराम फौजेत त्यांचा जोडीदार होता. आग्र्याच्या सरावात आकारामच्या मांडीचा पट्टा सैल राहिला. छत्री उघडली, अगदी जशी उघडावी तशी उघडली. आकाराम मात्र अंगावरच्या पट्ट्यांच्या साजातून निसटला. तो खाली गेल्यावर कितीतरी वेळ छत्री एकटीच डुलत डुलत उतरत होती. अस्थी घेऊन लालासाहेबच आटपाडीला गेले. आकारामची आई बनुबाई रडली नाही. तिनं विचारलं, "वरनं पडला म्हंजी कुठनं रं?"

आटपाडीच्या माळावर बोट दाखवावं असं उंच काही नव्हतं. लालासाहेबांनी आभाळात फिरणारी घार दाखवली. म्हातारीनं घारीकडं बघितलं, मग लालासाहेबांकडं बघितलं, आणि म्हणाली, "माणूस तितनं उतरतोय व्हय? एक डाव दाव मला. धडपणी उतरलेला माणूस दाव, मग माझं मन ऐकंल."

त्यांनी शब्द दिला होता. फौज सुटल्यापासून मात्र ते बांबू वर-खाली करत होते.

परदेशातून नवी छत्री मागवायचं ठरलं. सांगलीचा मदनशेठ ताडपत्र्यांचा आणि दोरखंडांचा व्यापारी. तो छापील माहितीपत्रक घेऊन आला. छत्री एकच होती, पण ती अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज हवा तसा करून मिळत होता. काय काय हवं, ते ठरवायला संचालक मंडळाची बैठक बसली. लालासाहेबांना दाराशी उभं केलं.

"तुमी सांगा आधी," आप्पासो म्हणाले. "उतरायचं तुमाला हाय."

"मांडीचे पट्टे रुंद पायजेत. आतनं गादी पायजे, काचू नये म्हनून. छातीचा पट्टा पायजे. आन पोटावर दुसरी छत्री, पयली उघडली न्हाई तर."

व्हाइस चेअरमन नानासोंनी चष्मा काढला. "म्हंजी पयलीवर अविश्वास?"

"तसं न्हवं..."

"ह्या कारखान्यात आजपातुर अविश्वासाचा ठराव आल्याला न्हाई."

पंधरा मिनिटं चर्चा होऊन दुसरी छत्री बहुमतानं मंजूर झाली. पण एका माणसाचं चार वेळा ऐकलं आणि संचालकांचं एकदाही नाही, असं होऊ नये म्हणून मग प्रत्येक तालुक्याचं ऐकायचं ठरलं. कोरेगावच्या संचालकांनी मोळी अडकवायला डाव्या बाजूला आकडा मागितला. मेढ्याच्या संचालकांनी उजव्या बाजूला नारळाला खिसा मागितला. नाहीतर तोल जाईल, असं ते म्हणाले, आणि त्यातल्या त्यात हेच बोलणं शहाणपणाचं होतं. नानासोंनी विचारलं, "छातीवर पट्टा आला तर हार घालायचा कुठं?" यावर माहितीपत्रकातलं चित्र हातोहात फिरलं. शेवटी छातीचा पट्टा चार बोटं खाली घ्यायचं ठरलं. पट्ट्यांचा रंग उसाच्या पाल्यासारखा हिरवा.

"आन माप?" लालासाहेब म्हणाले. "बाकी कायबी करा. माप तेवढं माझं नीट घ्या. साज अंगाला जखडून बसला पायजे."

मदनशेठनं खिशातून टेप काढला आणि तो सरळ आप्पासोंकडं गेला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या कारखान्यात पहिला नारळ, पहिला हार, पहिला चहा आप्पासोंचा असे. पहिलं माप दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर ते विचित्र दिसलं असतं. आप्पासो उठून उभे राहिले, त्यांनी हात पसरले, आणि त्यांच्या पोटाभोवती टेप पुरवून पुरवून न्यावा लागला. मांड्यांचं माप घेताना सगळ्यांनी अदबीनं खिडकीबाहेर बघितलं. मग मदनशेठनं लालासाहेबांचंही माप घेतलं, उभ्या उभ्या.

पेटी समारंभाच्या आधी आठवडाभर येऊन पडली आणि आप्पासोंच्या केबिनमध्ये कुलपात गेली. लालासाहेब रोज विचारत.

"आप्पासो, एकदा घालून बघतो. वढून-ताणून बघायला लागतंय."

"आवं, आधीच फोडली तर त्या दिवशी उद्घाटन कशाचं करायचं? मुहूर्तावर फोडू."

समारंभाच्या सकाळी ब्राह्मण आला, पेटीला हळद-कुंकू लागलं, आणि आप्पासोंच्या हस्ते ती फोडली गेली. मैदान माणसांनी भरलं होतं. बनुबाई पहाटेच्या एस.टी.नं आली होती. लालासाहेबांनी तिला सगळ्यांच्या पुढं, मळीच्या टाकीसमोर पोतं अंथरून बसवलं होतं. तिनं सोबत भाकरी आणली होती, पण उतरलेला माणूस बघितल्याशिवाय खाणार नव्हती. भाड्याचं विमान कऱ्हाडच्या धावपट्टीवर तयार होतं आणि जीप लालासाहेबांना न्यायला उभी होती.

साज हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं. हाताला कळलं, मग डोळ्यांना. तो घेऊन ते साखरेच्या गोदामात गेले आणि अंगावर चढवून शेवटपर्यंत आवळला. तरी मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये अख्खा हात जात होता. खांद्यांचे पट्टे त्यांनी तुळईला बांधले आणि पाय उचलले. क्षणभर अंग लटकलं. मग हात वर झाले आणि फाटक्या गोणीतून साखर सांडावी तसे ते खालून गळून जमिनीवर आले.

मागोमाग आलेले आप्पासो, नानासो आणि मदनशेठ बघत होते.

"मदनशेठ, कुणाचं माप धाडलंत?"

"पैलं माप धाडलं," मदनशेठ म्हणाला. "एकच साज मागवला हुता. मग दुसरं कसं धाडनार? आन आप्पासोंचं सोडून तुमचं धाडायचं म्हंजी..." त्याचं वाक्य पुरं करायची कुणाला गरज वाटली नाही.

"जमिनीवर निसटलं म्हनून वर गेल्यावरबी निसटंल, असं काय हाय?" नानासो म्हणाले.

"गोणपाट भरा की आतनं," आप्पासो म्हणाले. "आपल्याकडं गोणपाटाला काय तोटा!"

लालासाहेबांनी खरंच दोन पोती उचलली. कमरेला गुंडाळली, मांड्यांना गुंडाळली. दाराच्या फटीतून त्यांना मैदान दिसत होतं. बनुबाई कपाळावर हात आडवा धरून वर बघत होती. अजून वर काहीच नव्हतं, तरी बघत होती. म्हातारीनं एक पडताना बघितला नव्हता. दुसरा डोळ्यांदेखत दाखवायला आपण तिला एस.टी.नं बोलावलं.

त्यांनी पोती सोडली आणि साज काढून खाली ठेवला.

"मी न्हाई जात, आप्पासो."

"भ्यालासा?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले. एवढ्यात संपणारं दुसरं उत्तर त्यांना सुचलं नाही.

पण विमान आलेलं, पत्रिका छापलेल्या, आणि हत्तीवाल्या कारखान्याचे चेअरमन पहिल्या रांगेत बसलेले. आप्पासोंनी एकदा छताकडं बघितलं, एकदा दाराबाहेरच्या मळीच्या टाकीकडं. टाकीला मागून आणि पुढून लोखंडी शिडी होती.

"विमानाला नुसतं फिरू द्या," ते म्हणाले. "साज मला चढवा."

चढवायचं येत होतं एकट्या लालासाहेबांना. त्यांनी गुडघे टेकले. मांडीचे पट्टे ओढले, छातीचा लावला, खांद्याचे दोन्ही आकडे वाजवून बघितले, आकारामच्या पाठीवर शेवटी मारत तशी पाठीवर थाप मारली आणि सवयीनं "ओके" असं ओरडले. साज कुठं सैल नव्हता, कुठं काचत नव्हता. इतका नेमका बसलेला साज त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

विमान घोंघावत आलं. मैदान मान वर करून उभं राहिलं. लाउडस्पीकर "आले! आले!" असं ओरडू लागला. बँड वाजला. विमानानं झेंडूची फुलं टाकली, ती शेजारच्या शेतात पडली. माना खाली आल्या तेव्हा मळीच्या टाकीवरून हिरव्या पट्ट्यांतले आप्पासो, डावीकडं मोळी आणि उजवीकडं नारळ घेऊन, शिडीच्या एकेका पायरीवरून पाय चाचपत उतरत होते. शेवटच्या पायरीवर त्यांना नानासोंनी धरलं. टाळ्यांनी मैदान दणाणलं. हत्तीवाले चेअरमन टाळ्या न वाजवता उठून गेले, म्हणजे कार्यक्रम पुरा झाला.

लालासाहेब बनुबाईजवळ जाऊन उकिडवे बसले. तिला काय आणि कुठून सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. ती टाकीकडंच बघत होती. नजरेनं तिनं शिडी वरपासून खालपर्यंत मोजली.

"ह्येवढ्यावरनंच व्हय रं?"

"न्हाई मावशी. हे आपलं... हे न्हवं ते. ते लय उंच..."

तिनं ऐकलं नाही. भाकरीचं फडकं उचललं, त्याची गाठ सोडली, आणि न खाता परत बांधली.

"ह्यो एवढा जड माणूस उतरला धडपणी," ती म्हणाली. "माझं पोरगं काटकीवानी हुतं. त्याला शिडी न्हवती का रं दिली?"

फाटकाशी आप्पासोंच्या जीपचा हॉर्न वाजला. मग परत वाजला.

"न्हाई, मावशी," लालासाहेब म्हणाले, आणि बांबू वर करायला उठले.