माझ्या पोटातली लोखंडी शेगडी

पेटलेल्या आगीमुळे घर जास्तच गार पडतं, हे तुम्हाला तरी खरं वाटतं का? मी बॉथेल नावाच्या अमेरिकन गावातल्या एका बैठ्या घराची फायरप्लेस बोलतेय. लाल विटांची, पंचावन्न वर्षांची. एवढी वर्षं आग पोटात घेतली, आणि मलाच हे ठाऊक नव्हतं!

माणसांचं मला तसंही फारसं कळत नाही. पहिले घरमालक डिसेंबरात माझ्यावर लांब मोजे टांगायचे. वाळत घातलेत असं समजून मी जोरात पेटायची, तर त्यात खाऊ निघायचा!

मग नंदूकाका आणि सुमित्राकाकू राहायला आले. वर्षभर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि फाल्गुनात एका संध्याकाळी मला हळदकुंकू लावलं. इथे अंगणात आग पेटवायला मनाई, म्हणून होळी माझ्या पोटात! प्रदक्षिणा घालावी तर माझ्या मागे भिंत, म्हणून काकू स्वतःभोवतीच फिरल्या. मला पुरणपोळी वाढली. एवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला.

"अहो, तो भोंगा बंद करा आधी!"

"राहू दे गं," काका म्हणाले, "तोही बोंब मारतोय."

मी चूल की देव, कोणीच सांगेना. पोळी मात्र छान होती. पुढे दरवर्षी मिळाली.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात वादळ झालं. तारांवर झाडं पडली आणि चार दिवस वीज गेली. दोघं ब्लँकेटं पांघरून माझ्यासमोर बसले. मी जीव तोडून जळले. तरी मागच्या खोल्या बर्फासारख्या झाल्या, आणि माझ्या धुराने काका खोकून खोकून अर्धे झाले.

न्यू जर्सीहून त्यांच्या मुलाचा, गिरीशचा, फोन आला. "आई, आता बास. ते घर विकायचं आणि वेस्ट विंडसरला यायचं."

"तुझ्याकडे चहा टाकायचा तरी सूनबाईची स्वयंपाकघरातली मीटिंग संपायची वाट बघावी लागते," काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं राहिलोय रे इथे."

"आणि बाबांचा खोकला?"

काकूंनी खोकणाऱ्या काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यांना खोकला न होता पुढचं वादळ इथेच काढून दाखवते. नाही जमलं, तर मुकाट्याने येते."

मग एक दाढीवाला कारागीर आला. त्याने बॅटरी घेऊन माझ्या नरड्यात पाहिलं आणि काकांना समजावलं, की घरातली गरम हवा मीच ओढून धुराड्यातून बाहेर टाकते. म्हणजे पंचावन्न वर्षं मी आभाळ तापवत होते? त्याने माझी गंजलेली झडप तोडली, धुराड्यातून स्टीलचा पाइप सोडला आणि धूर बाहेर सोडून ऊब घरात ठेवणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी माझ्या पोटात ढकलली. कडेला जेमतेम बोटभर जागा उरली.

"यात पोळी टाकली तर चालेल का, विचारा ना," काकूंनी काकांना कोपराने ढोसलं.

कारागीर म्हणाला, फक्त सुकं लाकूड.

"घे," काका हसले. "हिला डायबेटिस झालाय असं समज."

तेव्हापासून मी गोंधळलेय. आग त्या शेगडीची, पाइप परका, विटा तेवढ्या माझ्या. मग मी कोण? पोटात दुसऱ्याचं पोट घेऊन उभी असलेली भिंत?

परवा पुन्हा वादळ आलं. दुपारी चारलाच दिवे गेले. काकूंनी लाकडं रचली, पेटवली आणि काचेचं दार लावलं. मग त्या काकांच्या तोंडाकडे बघत बसल्या. मीही बघत होते. आता खोकतील, मग खोकतील.

काकांनी आधी कानटोपी काढली. थोड्या वेळाने स्वेटरही.

"सुमे, जरा खिडकी उघड गं. उकडतंय."

काकू उठल्या नाहीत. पदर नव्हता, म्हणून शालीनेच डोळे पुसत राहिल्या.

माझ्या विटाही हळूहळू तापल्या होत्या. ती ऊब माझी म्हणायची की शेगडीची? तुम्हाला कळलं तर मला सांगा, मी इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी गिरीशला फोन केला आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं.