प्लंबरकाकांचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. उभं कुठे राहायचं ते कळावं म्हणून माझ्या अंगावर दोन पावलं छापली आहेत. तरी एक पाहुणे माझ्यावर बसले होते. मी त्यांचंही वजन सांगितलं.

कारखान्यात माझ्यावर वीस किलोचं लोखंड ठेवलं, तेव्हा माझा काटा बरोबर विसावर थांबला. साहेब म्हणाले, "हा प्रामाणिक आहे." आयुष्यात माझं झालेलं कौतुक तेवढंच.

पुढे मी प्लंबरकाकांच्या घरी आलो. काका नुकतेच आजारातून उठले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांची उंची मोजून सांगितलं होतं, "या उंचीला पन्नास ते अडुसष्ट किलो ठीक. हा अंदाज आहे, काका, कायदा नाही. पण पन्नासच्या खाली गेलात तर वाट बघू नका, थेट या."

दर रविवारी काका माझ्यावर उभे राहायचे. छप्पन्न झाले, चोपन्न झाले, एक्कावन्नही झाले. काका पट्टा आवळायचे आणि म्हणायचे, "उन्हाळा आहे, दुसरं काय!"

एकदा ते आंघोळीला गेले असताना काकूंनी माझ्या पाठीचा स्क्रू पिळला. "तेवढाच त्यांना धीर," असं त्या मलाच म्हणाल्या. माझ्यावर कोणी नव्हतं आणि काटा पाचावर. म्हणजे खोलीतल्या हवेचं वजन पाच किलो. पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतं?

काकूंनी घोर लावून घेऊ नये, असं काकांनाही वाटत होतं. त्याच दिवशी ते खिशांत मोठा पाना आणि दोन पितळी नळ घालून माझ्यावर चढले. तीन किलोंचा ऐवज.

"अहो, अठ्ठावन्न!"

"बघ, म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले आणि दोन्ही हातांनी पँट धरून खाली उतरले.

मग दर रविवारी हेच. काकू मनात पाच वजा करायच्या, काका मनात तीन. दोघांचंही उत्तर पन्नासच्या खाली जात नव्हतं. काका मात्र डोळ्यांदेखत वाळत होते.

एका रविवारी परगावी नोकरी करणारी लेक आली. सहज माझ्यावर चढली. "आई, मी पाच किलोंनी फुगले?" खाली उतरून तिने माझ्याकडे पुन्हा बघितलं. मग स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला.

"बाबा, आता तुम्ही. आणि खिशात काय खुळखुळतंय?"

पाना आणि नळ टेबलावर आले. सत्तेचाळीस.

काकांनी काकूंकडे बघितलं. "तू पण?"

"तुम्ही पण?" काकू म्हणाल्या. दोघं हसले, आणि हसता हसता काकूंचा हुंदका फुटला.

आजार उलटला होता. "जरा आधी यायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका दवाखान्यातून परत आले नाहीत.

मला कॉटखाली सरकवलं गेलं. कित्येक रविवार गेले. मग एकदा लेकीने मला ओढून काढलं, पुसलं आणि ती म्हणाली, "आई, ये."

"माझं काय बघायचंय? मी कधी आजारी पडले?"

"ये म्हटलं ना."

काकू माझ्यावर पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या बाजूला उभ्या राहून दुसऱ्याचा आकडा वाचत होत्या. त्यांच्या उंचीला निदान पंचेचाळीस हवे होते. माझा काटा एकोणचाळीसवर थांबला.

"आई, चप्पल घाल. आत्ताच निघतोय आपण."

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांना काट्यावर चढवणारं आणि स्वतः कधीच न चढणारं एखादं माणूस असेल. आज त्याला हाताला धरून उभं करा. ते "माझं काय बघायचंय" असं म्हणेल. तरी बघा.