औषध नाही, पाणी

संगीताच्या परसबागेत एका शब्दाला बंदी होती: औषध. तसा किन्हीराजा गावात या शब्दाचा लौकिक काही चांगला नाही. अमक्यानं औषध घेतलं असं कानावर आलं, की तो आता बरा होईल असं कोणी समजत नाही. बाया तोंडाला पदर लावतात. म्हणून संगीता ठणकावून सांगायची, "माह्या बागेत औषध नाई. पानी हाय." लिंबोळीचं पाणी, लसूण-मिरचीचं पाणी, आंबट ताकाचं पाणी. बचत गटानं फाटकावर 'विषमुक्त परसबाग' अशी पाटी लावली, तेव्हापासून तर बाईंचे पाय जमिनीला लागेनात.

यंदा वालावर मावा पडला आणि काही केल्या ती कीड हटेना. लिंबोळी झाली, ताक झालं. शेवटी संगीतानं नवऱ्याचा तंबाखूचा डबा अख्खा पातेल्यात उलटा केला, काळाकुट्ट होईपर्यंत उकळला आणि गाळून तसाच वेलांवर मारला. त्यात भरपूर पाणी मिसळायचं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण ती माव्यावर चिडली होती.

"इतके वर्स खाऊन मी नाई मेलो, अन् मावा मरते काय!" माणिकराव रिकाम्या डब्याकडे पाहत म्हणाले.

मावा मेला. जे वेल फारच चिकट झाले होते ते संगीतानं दुपारी कापून कुंपणाशी टाकले. पलीकडे वच्छलाबाईंचं घर. त्यांची नवी सून धम्मदीपा कुंपणाशी आली. लग्नात तिच्या बापानं तिला एक बकरी दिली होती. बकरी आता गाभण होती, आणि पोरीचा जीव सारा तिच्यात.

"काकू, हे येल बकरीले टाकू का? औषध तं नाई मारलं ना?"

"औषध? अन् माह्या बागेत?" संगीताला राग आला. "पानी मारलं फकस्त. ने खुशाल."

पोरगी वेल कवेत घेऊन गेली. संगीतानं नाकाशी हात नेला, तर बोटांना अजून तंबाखूचा वास होता. हाक मारावी असं वाटलं. पण एकदा बोललेलं मागं घ्यायची तिला सवय नव्हती.

संध्याकाळी बकरी थरथरायला लागली, तोंडाला फेस आला आणि आडवी झाली. तालुक्याच्या मालेगावहून जनावरांचे डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. काहीतरी विषारी खाल्लंय, एवढंच सांगून ते गेले. अंगणात सारी गल्ली जमली होती. संगीताही होती.

"कोवळी ज्वारी चारली असन हिनं! इस असते तिच्यात, कितीदा सांगतलं!" वच्छलाबाई सुनेवर कडाडल्या.

"नाई आत्याबाई. काकूच्या बागेतले येल टाकले फकस्त."

"संगीताच्या बागेत इस नसते! साऱ्या गावाले माईत हाय. आपलं पाप दुसऱ्याच्या दारात टाकतं?"

धम्मदीपानं संगीताकडे पाहिलं. संगीतानं मेलेल्या बकरीच्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं आणि पदर सावरला. आपल्यावरच्या विश्वासानंच त्या पोरीचं तोंड बंद केलं, हे तिला कळत होतं. तरी ती गप्प राहिली. पाटी आठवली, बचत गट आठवला. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. "जाऊ दे ना," माणिकराव म्हणाले, "बकरीच तं होती." ताटात वालाच्याच शेंगांची भाजी होती. संगीतानं ताट सरकवलं.

सकाळी वच्छलाबाई सुनेला घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाल्या. बापानं दिलेली बकरी लेकीनं मारली, हे त्या व्याह्याला तोंडावर सांगणार होत्या. धम्मदीपा मान खाली घालून मागून चालली होती. फाटकातून संगीतानं ते पाहिलं आणि चपला न घालताच धावली.

"वच्छलाबाई, थांबा! तिनं नाई मारली. म्या मारली." श्वास पुरेना. "वालावर म्या तंबाखू मारला होता. जहाल. बिनपान्याचा."

थांब्यावरची माणसं वळून पाहू लागली. वच्छलाबाईंना ते खरंच वाटेना. "अवं, पन तू तं पानीच मारतं म्हनतं ना?"

"पानी नोयतं ते." संगीताला रडू फुटलं. इतकी वर्षं न उच्चारलेला शब्द तिनं सगळ्यांसमोर उच्चारला. "औषध होतं. म्या औषध मारलं होतं."

धम्मदीपानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच संगीताला सोसवेना.

"म्या तं तेच इचारलं होतं ना, काकू."