एकच ताट

आगपेटीची एक काडी उभी चिरून तिच्या दोन करायच्या, आणि गुल दोन्हीकडे सारखा ठेवायचा, ही कला कामरगावात एकट्या पानाबाईला साधली होती. दाढीचं जुनं पातं, मांडीवर पाट आणि श्वास रोखलेला. शेजारणींनी करून पाहिलं तेव्हा कोणाचा गुल भुगा झाला, कोणाची काडी मधेच मोडली. पानाबाई एका बैठकीत पेटीच्या दोन पेट्या करून उठे आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते लोकांच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न पार पडल्यावर दिसतं.

त्र्याहत्तर साल होतं. मागल्या वर्षीच्या दुष्काळाने माणसांची हाडं वर आणली होती. साखर रेशनवर गेली होती आणि घासलेटच्या रांगेत बायका पहाटेपासून डबे मांडून ठेवत. अशा दिवसांत पानाबाईकडे गावच्या बाया शिकायला येऊ लागल्या. उकळलेली चहापत्ती उन्हात वाळवून पुन्हा कशी चालवावी, साबणाचे चुरे ओल्या फडक्यात दाबून वडी कशी करावी, शेंगांच्या टरफलांवर वरण कसं शिजवावं, हे ती मन लावून सांगे. आलेली बाई जायला निघाली की तिचा नवरा जिनदास दुकानाच्या फळीवरून म्हणे, आमच्या घरात लक्ष्मी येते ती परत जायची वाटच विसरते. पानाबाईला ते ऐकून बरं वाटे. आपल्या कष्टाची कोणी दखल घेतं, एवढंच तिला हवं होतं.

काटकसरीचे नियम घरात सगळ्यांना सारखे नव्हते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं; किंवा आलं असेल, तरी तिने ते पदराआड ठेवलं होतं. घरची म्हैस दुभती होती. सकाळी दुधाचा मोठा गडू बसस्टँडवरच्या हॉटेलात जाई. उरलेल्यातलं पेलाभर निरसं दूध जिनदासला, कारण दुकानावर बसणाऱ्याचं डोकं चाललं पाहिजे. अर्धा पेला मुलाला, केशरीचंदला, कारण तो गाडीबैलावर माल आणायला जाई. राहिलेल्याचं विरजण, विरजणाचं लोणी, लोण्याचं तूप. तुपाची बरणी भिंतीतल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली जिनदासच्या करदोट्याला. बायांच्या वाट्याला ताक येई. "बाईमाणसाले तूप नसलं तरी चालते," हे पानाबाईच्या सासूचं वाक्य. ते पानाबाईने जसंच्या तसं उचललं आणि दोन वर्षांपूर्वी सून सुंदरबाई घरात आली तेव्हा तिलाही ऐकवलं होतं.

आषाढात चातुर्मास लागला. गावात ओसवाल जैनांची दहा-बारा घरं. त्यांच्यात चार महिन्यांसाठी प्रत्येकाने काही ना काही सोडायचं, असा रिवाज. त्या संध्याकाळी जिनदासने सगळ्यांना समोर बसवलं. स्वतः त्याने पान सोडलं. दात हलू लागल्यापासून तो पान खातच नव्हता. केशरीचंदने तांबडा भोपळा सोडला, तो त्याला लहानपणापासून नावडता. पानाबाईने साखर सोडली. मग जिनदास सुनेकडे वळला. सुंदर तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. तो गोड आवाजात म्हणाला, की पोटात जीव असताना केलेला त्याग त्या जिवालाही लागतो. तूप आणि दूध सोडलंस तर केवढं पुण्य. सुंदरने घुंगटातूनच मान हलवली. पानाबाई शेजारी बसून होती. तिला सुनेचं कौतुक वाटलं आणि ते तिने बोलूनही दाखवलं.

त्यानंतर दीड महिना गेला.

भाद्रपदाच्या तोंडाशी, जैनांच्या पर्युषण पर्वाच्या चौथ्या दिवशी, मेहरबी बांगडीवाली दारात आली. सुंदरच्या ओटीभरणासाठी हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. मेहरबीने या घरातल्या तीन पिढ्यांचे हात दाबले होते आणि माणसाचं नाव विसरली तरी ती मनगट विसरत नसे. तिने सुंदरचा हात मांडीवर घेतला, अंगठा आत वळवला आणि मग बांगडी न भरता तो हात तसाच धरून ठेवला.

"शेठाणीबाई, लग्नात इले म्या अडीचचं माप भरलं होतं," ती म्हणाली. "आठव्या महिन्यात बाईचा हात फुगते, अन् इच्या हातातून सव्वादोनचीबी खाली पडन. नखं पाहा. काय खाऊ घालता हो पोरीले?"

पानाबाईने पाहिलं. सुंदरची नखं धुतलेल्या कवडीसारखी पांढरी होती. पायांवर मात्र सूज. सून रोज तिच्या समोर वावरत होती, पीठ चाळत होती, म्हशीला पाणी दाखवत होती, आणि पानाबाईने तिच्या हाताकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मेहरबीने लहान मुलींसाठी राखलेल्या मापाच्या बांगड्या बोचक्यातून काढल्या. त्या सुंदरच्या हातात न दुखता गेल्या. जाताना तिने पैसे घेतले नाहीत. पोर सुटली की देजा, एवढंच म्हणाली.

पानाबाई माजघरात येऊन उभी राहिली. चोवीस वर्षांमागची एक सकाळ तिला आठवली. तिचं पहिलं मूल जन्मलं ते रडलंच नाही. सुईणीने पाठीवर थापट्या मारल्या, थंड पाणी शिंपडलं. सासू म्हणाली, देवाची मर्जी. पानाबाईनेही तेच मानलं आणि त्यावर कधी प्रश्न केला नाही. आज मात्र तिला आठवत होतं ते आपलं त्या वेळचं ताट: भाकरी, चटणी, ताक. आणि ते आठवून तिच्यात जे उठलं, ते दुःख नव्हतं. तो राग होता. इतकी वर्षं उशिरा आलेला, म्हणून अधिकच कडक.

दिवस मावळायच्या आत जेवणं होत. जिनदास ताटावर बसला तेव्हा तिने सरळ मागणी केली. सुंदरचं रगत आटलं आहे, तिला रोज दूध आणि तूप पाहिजे, किल्ली द्या. जिनदासने घास खाली ठेवला नाही. त्याने शांतपणे समजावलं, की नेम सुनेने घेतला आहे, मी दिलेला नाही. घेतलेला नेम मोडायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या धर्माच्या आड येणं, अंतराय बांधणं. ते पाप मी माथ्यावर घेणार नाही. शिवाय उद्या भगवंताच्या जन्माचं वाचन आहे. यंदा बोली जिंकून भगवंताचा पाळणा आपल्या घरी आणायचा त्याचा विचार होता. इतके दिवस घरात जे वाचलं, ते त्यासाठीच तर वाचवलं.

"अन् तूच तर म्हणतं," त्याने ताकाची वाटी तोंडाला लावता लावता म्हटलं, "बाईमाणसाले तूप नसलं तरी चालते."

आपलंच वाक्य आपल्यावर उगारलेलं पाहून पानाबाई उठली. हात तिने राखेत घातले आणि ती भांडी घासत बसली. रागाच्या भरात आदळआपट करणारी ती बाई नव्हती. राग कसा राखून वापरावा हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर तिने दुसरं केलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी उपाश्रयात, साधूंच्या उतरण्याच्या जागी, गर्दी झाली. किन्हीराजाहून, आसपासच्या खेड्यांतून व्यापारी आले होते. गावात साधू नव्हते, म्हणून वाचन वृद्ध भागचंदजी करीत. जन्माचा प्रसंग आला, नारळ फुटले आणि पाळण्याची बोली सुरू झाली. चांदीचा लहानसा पाळणा. तो जो बोलीत जिंकेल, त्याच्या घरी वाजतगाजत न्यायचा. बोली रुपयांत होत नाही, तुपाच्या मणांत होते. मणाला किती रुपये ते आधीपासून ठरलेलं असतं, तरी तोंडाने उच्चारायचं ते तूपच. वीस मण तूप, म्हणाला किन्हीराजाचा व्यापारी. जिनदास म्हणाला पंचवीस. आकडा चढत गेला. बायांच्या बाजूला भिंतीला टेकून सुंदर बसली होती. तिच्या हातांत लहान मुलीच्या मापाच्या बांगड्या. दर बोलीला पुरुषांकडून मणामणाने तूप पुकारलं जात होतं आणि पानाबाई प्रत्येक आकडा दात आवळून ऐकत होती. एकसष्ट मणांवर जिनदासने पाळणा घेतला. सगळ्यांनी जयजयकार केला.

तो ओसरला तेव्हा पानाबाई उभी राहिली. घुंगट तिने कपाळापर्यंतच ठेवला होता.

"काकाजी, मले एक नेम घ्यायचा आहे," ती भागचंदजींना म्हणाली.

अशा शुभवेळी बाई नेम मागते याचा भागचंदजींना आनंद झाला. त्यांनी तिला हात जोडून नेम उच्चारायला सांगितलं.

"आजपासून जनमभर, माह्या हातानं घरात एकच ताट वाढीन. घरात ज्याच्या ताटात सर्वात कमी पडते, तेवढंच सर्व्यांच्या ताटात पडन. माह्या सुनेले तूप नाई, दूध नाई. तं कोनालेच नाई. मालकाले नाई, पोराले नाई, पाहुन्यालेबी नाई."

भागचंदजींनी जिनदासकडे पाहिलं. जिनदास उठू लागला आणि पुन्हा खाली बसला. नेम घेणाऱ्याला अडवणं म्हणजे अंतराय, हे त्याने स्वतःच कालच सांगितलं होतं आणि इथे बसलेला प्रत्येक जण ते जाणत होता. भागचंदजींनी क्षणभर विचार केला, एकदा सुंदरकडे निरखून पाहिलं आणि पानाबाईला नेम दिला.

पाळणा घरी आला तो ढोलताशांच्या गजरात. ओसरीवर पंगत बसली. पाळण्याबरोबर आलेल्या लोकांना लापशी वाढायची वहिवाट होती. पानाबाईने ती गुळाच्या पाण्यात शिजवली होती, तुपाचा थेंब न घालता. गव्हाचा भरडा ताटात रेतीसारखा पसरला. मागून काळा चहा आला. लोक मान खाली घालून चावत राहिले. शेवटी बोलीत हरलेला किन्हीराजाचा व्यापारी ताटातला गोळा बोटाने फिरवत म्हणाला, "जिनदासभाऊ, घी सारं बोलीतच सरलं काय?"

हसू पंगतभर फिरलं. जिनदासच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पानाबाई पुढे आली आणि त्या व्यापाऱ्याच्या ताटात आणखी एक डाव कोरडी लापशी टाकून गेली. तिला त्याच्याही हसण्याचा राग आला होता. त्याच्या घरच्या बाया काय खात असतील, ते त्याने तरी कधी पाहिलं असेल?

पाहुणे गेल्यावर जिनदास भागचंदजींना घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. बायकोचा नेम मागे घ्यायला लावा, अशी त्याची विनवणी होती. भागचंदजी तिथेच पाटावर बसले आणि त्यांनी पानाबाईला काहीच विचारलं नाही. विचारलं ते सुंदरला. बाई, तो नेम तू आपल्या मनाने घेतलास का?

सुंदर जमिनीकडे पाहत म्हणाली, "मामाजीनं सर्व्यांसमोर म्हटलं. मी नाई कशी म्हनू?"

भागचंदजींनी मान हलवली. दुखण्यात नेमाला सूट असते, हे शास्त्रातच आहे, ते म्हणाले. आणि दुसऱ्याने तोंडात घातलेला नेम तर नेमच नव्हे, ती नुसती उपासमार. त्या उपासमारीचं पाप कोणाच्या खाती जातं ते जिनदासने ओळखावं. एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

जिनदासने करदोट्याची गाठ सोडायला वेळ लावला. किल्ली त्याने हातात दिली नाही, चुलीच्या ओट्यावर ठेवली. पानाबाईने ती उचलून आपल्या लुगड्याच्या पदरात बांधली, कपाट उघडलं आणि चार ताटं मांडली. ऊन भिंतीवरून उतरू लागलं होतं. जेवणं उरकायला हवी होती. तिने आधी सुंदरच्या भाकरीवर तूप सोडलं, मग केशरीचंदच्या, मग आपल्या, आणि शेवटी जिनदासच्या.

"आता सुनेचा नेम सुटला," जिनदास पाटावर बसत म्हणाला. "तुयाबी सोड. झालं ना मनासारखं?"

"माहा जनमभराचा आहे."

त्याने आपल्या भाकरीवरचं तूप पाहिलं आणि नकळत त्याची नजर सुनेच्या ताटाकडे गेली. तिकडे जास्त पडलं असेल असं त्याला वाटलं असावं. पानाबाईला ते दिसलं आणि कालपासून राखलेला राग तिच्या आवाजात आला, पण आवाज चढला नाही.

"पाहा, चांगलं निरखून पाहा. वीस वर्सं काड्या चिरून राह्यलो मी. माहं माप चुकत नाई."