उन्हाकडची खिडकी

वारलू मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विमानातून एकच गोष्ट बघायची होती: गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावचा तलाव. चाळीस वर्षं त्यांनी त्यात जाळं टाकलं, पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की निम्मा तलाव झाडीआड जातो. अख्खा तलाव एका नजरेत त्यांनी कधीच पाहिला नव्हता. मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष आणि मी सचिव. प्रशिक्षणासाठी आम्हा दोघांना नागपूरहून हैदराबादला विमानानं बोलावलं होतं. येताना रेल्वे होती, म्हणजे संधी एकदाच.

खिडकी निवडायचं काम अर्थातच माझं. मोबाईलमधलं सगळं गावात मलाच कळतं, असा माझा समज आहे आणि तो मी फारसा लपवतही नाही. दोन दिवस वाचून काढलं. पंखाच्या पुढची रांग घ्यावी, आणि सूर्य ज्या बाजूला असेल ती बाजू टाळावी, नाहीतर डोळे दिपतात. विमान सकाळी पावणेसातचं, दक्षिणेकडे जाणारं. सूर्य डावीकडे. तलावही डावीकडेच, पण सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. तो काय कपाळ दिसणार, असं म्हणून मी उजवीकडची चौथी रांग पक्की केली. निदान डोंगर तरी नीट दिसतील. मामाजींना सांगितलं तर ते नुसतं बरं म्हणाले. मला वाटलं, पटलं.

विमानतळावर मी पिशव्यांपाशी उभी असताना ते एकटेच काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीला त्यांनी उन्हाच्या बाजूची खिडकी मागितली. तिनं हसून त्याच रांगेतल्या डावीकडच्या दोन जागा दिल्या. माझं डोकंच फिरलं. एवढा अभ्यास केला आणि यांनी एका मिनिटात त्याची माती केली. आता तासभर डोळे मिटून बसा, असं जरा तिखटच बोलले मी.

मामाजी रागावले नाहीत. "बाई, पानी दुरून पाहाचं असन तं उन्हाकडं तोंड करून पाहाव," ते म्हणाले. "पाठीवर ऊन घेतलं तं तलाव अन् वावर एकसारखंच दिसते."

रोज सकाळी पाळीवर ते हेच करतात. सूर्याकडे तोंड, कपाळावर आडवा हात, आणि पाण्यावरची चकाकी जिथे मोडते तिथे मासळी. लग्न झाल्यापासून मी हे बघते आहे, पण त्यातून मला कधी काही सुचलं नव्हतं.

विमान वर गेलं. खरंच काही दिसेना, नुसतं धुरकट ऊन. मी तोंड उघडणार तेवढ्यात खाली एक तलाव चमकला आणि विझला. मग दुसरा. विमान सरकेल तसा उन्हाखाली येणारा प्रत्येक तलाव, प्रत्येक नाला पणतीसारखा पेटत गेला. वर्धा नदीचं एकेक वळण तर लखकन झळाळलं. पलीकडच्या खिडक्यांतले लोक मातकट रानाचे फोटो काढत होते. या माणसाची सून असल्याचा त्या क्षणी मला फार अभिमान वाटला.

मामाजी काचेला नाक लावून पुटपुटत होते, कोणता तलाव कोणत्या गावचा. मग अगदी लांबवर, दोन बारक्या चकाक्यांच्या मागे विळ्यासारखी एक रेघ उजळली आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं. माझ्या नखाएवढी होती ती. तीन-चार क्षणांत विझलीसुद्धा.

दिसला का, मी विचारलं. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. जन्म ज्यात घालवला तो इतका लहान निघाला म्हणून खट्टू झाले की काय, अशी मला धास्ती वाटली. मी उगाच लांबून तसं दिसतं वगैरे सांगायला लागले. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"एवढुसा हाय, मयुरी," ते म्हणाले, "अन् शंभर घरं पोसून राह्यला."